पहाड पाहून केलेली सही

नागपुरातल्या खाण खात्याच्या कचेरीत माझे एक जुने सहकारी शेजारच्या टेबलावर नकाशे तपासायचे. कोणी घाई केली, की चष्मा पुसत म्हणायचे, "थांबा न भाऊ, पाहून राहिलो मी."

एकदा गडचिरोलीकडच्या एका पहाडावर होणाऱ्या खाणीचा नकाशा आला. नकाशावर वस्ती दाखवली नव्हती, पाणीही नव्हतं. साहेब त्यांना म्हणाले, "सही करून टाका."

"कागद पाहिला साहेब, पहाड नाही पाहिला."

रजा टाकून ते स्वतः पहाड चढून आले. मग नकाशावर त्यांनी झरा काढला, त्याचं पाणी पिणारं गाव काढलं आणि सही केली.

साहेब चिडले, "खाण अडली तर?"

"अडू द्या. गाव तर दिसलं."

खाणीची हद्द झऱ्यापासून दूर सरकली. त्या कोऱ्या नकाशावर आधीची सही माझी होती. ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.