रंजनाची पट्टी

दत्ताभाऊंचा आवाज मुळातच इतका बारीक, की फोनवर ते रडतायत हे कळायला मला जरा वेळच लागला. "सुमनताई, रंजी गेली हो..." एवढंच ते म्हणाले. सकाळच्या डब्यांची भाजी फोडणीला टाकून त्यांची बायको रंजना भिंतीला जरा टेकली, ती पुन्हा उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. बिरवाडीला पोचले तर दारात कारखान्यातली पोरं चपला काढून, माना खाली घालून उभी होती. सगळी तिच्या खाणावळीत जेवणारी. घर भरलेलं होतं आणि तरी विचित्र शांत वाटत होतं. रंजना असताना त्या घरात शांतता अशी कधी नव्हतीच... म्हणजे नंतरच्या वर्षांत तरी नव्हती.

कारण आधी ती बोलायचीच नाही. पोलादपूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर. ती वरच्या वाडीतून चालत यायची, वडील मुंबईला नोकरीला. एकदा प्रार्थना चालू असताना बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "मुलींच्या रांगेत कोण मुलगा शिरलाय? बाहेर ये." कोणी बाहेर येईना. बाई कान देत देत पुढे आल्या आणि रंजनासमोर उभ्या राहिल्या. सगळी शाळा हसली. त्या दिवसापासून प्रार्थनेला ती फक्त ओठ हलवायची. गॅदरिंगच्या नाटकात तिला पडद्यामागे बसवून वाघाची डरकाळी फोडायला लावली. पुढच्या रांगेतली लहान पोरं घाबरून रडायला लागली, इतकी ती झकास झाली. टाळ्या मात्र वाघाचं कातडं पांघरलेल्या पोराला मिळाल्या.

पुढे तिला बघायला पाहुणे आले, तेव्हा तिच्या आईने बजावलं, "रंजे, तू फक्त मान हलवायची. तोंड उघडलंस तर बघ." नाव विचारलं, आईने सांगितलं. शिक्षण विचारलं, मामाने सांगितलं. "पोर लई लाजाळू हाय," सगळ्यांनी कौतुक केलं. नवरामुलगाही गप्पच होता, त्याच्या वतीने त्याचे काका बोलत होते. तोही लाजाळू, म्हणून जोडा अगदी शोभला! लग्न लागलं, पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी दत्ताभाऊंनी पहिल्यांदा विचारलं, "चहा घेतेस काय?"

"मी दाराकडं बघितलं गो," रंजना मला सांगायची, "मला वाटलं, नणंद आली."

तिने "घेईन की" म्हटल्यावर दत्ताभाऊ पटकन उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, सासरे आले. मग दोघंही इतकी हसली, की चहा उतू गेला. दोन्ही घरांनी आपापला माल झाकून विकला होता!

दत्ताभाऊंना कारखान्यात नोकरी, म्हणून संसार बिरवाडीत थाटला. खोल्या घेऊन राहणाऱ्या कामगारांसाठी रंजनाने खाणावळ काढली. मी शिकवायचे ती शाळाही जवळच, महाडात, त्यामुळे आमचं जाणं-येणं राहिलं. डब्यासाठी फोन यायचे, "काका, दोन डबे वाढवा." तिने फोन उचलणंच सोडलं. मग दत्ताभाऊ उचलायचे. पलीकडचा म्हणायचा, "ताई, दोन डबे वाढवा," आणि दत्ताभाऊ शांतपणे "हो दादा" म्हणायचे. कामं व्हायची, कोणाचं काही अडायचं नाही. पण हळदीकुंकवाला ती कुजबुजत बोलायची. बायकांना वाटायचं, ही कोणाची तरी चहाडी सांगतेय.

गाण्याचं वेड मात्र तिला भयंकर. पोळ्या लाटताना मोबाइलवर सिनेमाची गाणी अखंड चालू. ती मनातल्या मनात म्हणायची, बाहेर फुटू द्यायची नाही. तिची मुलगी प्राजक्ता पनवेलला नोकरीला लागली आणि पहिल्या दिवाळीला आईसाठी स्पीकर असलेला माईक घेऊन आली. नुसती चाल वाजते, शब्द आपण म्हणायचे, तसला. रंजनाने दार लावून घेतलं आणि नायिकेची गाणी सुरू केली. वरच्या सुराला गेलं की तिचा आवाज जुन्या सायकलच्या ब्रेकसारखा लागायचा. "ठेव बाय तुझा माईक," म्हणून तिने तो डब्यांच्या फळीवर टाकला.

एक दिवस दत्ताभाऊ पहिल्या पाळीवरून आले, जेवले आणि सहज त्या माईकवर एक जुनं युगलगीत लावून बसले. नायिकेची ओळ त्यांनी इतकी गोड म्हटली, की रंजना परात तशीच टाकून आली. नायकाची ओळ आली तसा त्यांनी माईक तिच्यापुढे धरला. ती गायली... कुठेही न ओढता, न ताणता, खालच्या सुरात, भरून. जेवत बसलेला एक कामगार घास हातात धरून स्पीकरकडे बघत राहिला.

"मावशी, हे तुम्ही गाताय?"

"मंग काय तुझा बापूस गातोय?"

त्या संध्याकाळी तिने मला मुद्दाम फोन केला. स्वतःहून, पहिल्यांदाच. "सुमे, माझी पट्टीच बापयांची हाय गो. आणि त्या पट्टीत काय सुंदर गाणी हायत! मी उगाच इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत शिरत व्हते."

पण हे सगळं घरातल्या घरात. प्राजक्ताचं लग्न पाचाडच्या एका खाणावळवाल्यांच्या घरात ठरलं, तशी ती पुन्हा मिटली. "हळदीला मी गानार नाय. विहीनबाय म्हनतील, ही सासू हाय का सासरा?" प्राजक्ता चिडली, रडली. रंजना ऐकेना.

हळदीला नवरदेवाकडची उष्टी हळद घेऊन पाचाडहून विहीणबाई आल्या, आणि नेमका डीजेवाल्याचा लॅपटॉप बंद पडला. मंडप चिडीचूप. प्राजक्ता हळदीच्या हातांनीच उठली, फळीवरचा माईक आणून आईच्या हातात कोंबला आणि ते युगलगीत लावलं. पहिली ओळ दत्ताभाऊंची. ती झाली, तेव्हाच लोक तोंडावर हात ठेवून होते. मग रंजनाने सुरुवात केली आणि मंडपात एकच हशा उसळला. विहीणबाई तर पडद्यामागे कोण पुरुष लपलाय म्हणून वाकून बघायला लागल्या. रंजना अर्ध्या ओळीत थांबली. तिचा चेहरा पाहून मला एकदम ती शाळेची रांग आठवली.

दत्ताभाऊ थांबले नाहीत. पुढची ओळ त्यांनी म्हटली, आपल्या बारीक आवाजात, लोक खिदळत असताना, एकटेच, तिच्याकडे बघत. एका टवाळाने शिट्टी मारली, "ओ वहिनी!" बस्स. स्वतःला हसलेलं रंजनाने जन्मभर सोसलं असतं, पण नवऱ्याला? तिने पदर खोचला आणि जी ओळ उचलली, ती मंडपाबाहेर रस्त्यापर्यंत गेली. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. गाणं संपल्यावर विहीणबाईच उठून आल्या. मी जीव मुठीत धरून बसलेले.

"विहीनबाय," त्या म्हणाल्या, "आमच्याकडं गनपतीत आरतीला जाड आवाजाचं मानूसच नाय. यंदा तुम्ही यायचं."

रंजना आरतीला गेली, मग दरवर्षी गेली. महाड-पोलादपूरच्या हळदींना या जोडीला बोलावणं येऊ लागलं. फोनही आता तीच उचलायची, "काका नाय, मावशी बोलतेय. बोल, किती डबे?" बँकेत, बसमध्ये, बाजारात ती मोठ्याने बोलायची आणि लोकांनी वळून बघितलं, तर खुशाल बघू द्यायची.

परवा बिरवाडीला गेले. दार उघडंच होतं. दत्ताभाऊ खाटेवर बसून माईकवर ते युगलगीत म्हणत होते. त्यांची ओळ झाली, त्यांनी माईक खाली घेतला आणि गुडघ्यावर ताल धरून बसून राहिले. नुसती चाल वाजत राहिली. ती सरली, तशी त्यांनी पुढची ओळ उचलली. मला बघून त्यांनी हातानेच बसायची खूण केली.

"तिच्या ओळीपण म्हणा की," मी म्हटलं.

"छ्या, ताई! तिची पट्टी मला झेपते काय?"

पुन्हा तिची ओळ आली. ती पूर्ण होईपर्यंत आम्ही दोघं गप्प बसलो.