तसबिरीचं पाणी

सांगलीत गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर महंमद तसबिरी मढवायचा. मूळचा साताऱ्याचा. आमच्या गल्लीतले बहुतेक देव त्याच्याच हातून काचेमागे गेले होते. देवाचं चित्र धरण्याआधी तो हात धुवायचा आणि गिऱ्हाईकालाही चपला बाहेर काढायला लावायचा.

दुकानातली एक तसबीर मात्र विकायची नव्हती. साताऱ्याच्या कॅम्पात एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्याने ती घेतली होती. गेल्या शतकातलं छापील चित्र होतं ते. हिरवा डोंगर, पायथ्याशी खांबांची पांढरी इमारत, समोर झरा आणि पेल्यांतून त्याचं पाणी पिणाऱ्या, छत्र्या घेतलेल्या मडमा.

"दुखणेकरी तितं जात्यात, पाणी पित्यात, बरं हून येत्यात," असं तो येईल त्याला रंगवून सांगायचा. हळूहळू बायका चित्राला हात जोडू लागल्या. तो हसायचा. "आवं, झरा राहिला विलायतेत. हितं कुणाला हात जोडताय?"

१९४४ च्या उन्हाळ्यात माझा चिंतामण विषमज्वराने अंथरुणाला खिळला. पाच वर्षांचं पोर. ताप उतरेना. डॉक्टर विष्णुपंत रोज नाडी बघत आणि माझ्याकडे न बघता निघून जात.

एका शुक्रवारी सासूबाई मामंजींचा मढवलेला फोटो आणायला गेल्या. महंमद नमाजाला गेला होता. झऱ्याच्या त्या चित्राला कसर लागून कागद कुरतडला जात होता, म्हणून मागची जुनी खळ सुटावी यासाठी त्याने ते परातीत पाण्यात टाकलं होतं. तो झरा असा पाण्याखाली बघून सासूबाईंना काय वाटलं कोण जाणे. ज्यांनी त्याच्या घरचं पाणी कधी तोंडाला लावलं नव्हतं, त्यांनी गडू भरून घेतला. त्याच्या बायकोला, दिलशादला, "नातवाला तीर्थ नेते गं," म्हणाल्या आणि निघाल्या.

मी स्वयंपाकघरात पेज गाळत होते. दार आपटलं. ओसरीच्या आत कधी न आलेला महंमद धापा टाकत माजघरात शिरला आणि त्याने सासूबाईंच्या हातातला गडू उडवला.

"काकी, तीर्थ न्हाई ते! कसर मरावी म्हणून त्या पाण्यात मोरचूद घातलाय मी. विष हाय!"

"एक पळी दिली रे," सासूबाई म्हणाल्या आणि खालीच बसल्या.

चिंतामणला उलटी झाली. हिरवट. मग दुसरी. मी त्याचं डोकं धरून नुसती ओरडत होते. महंमद धावत जाऊन विष्णुपंतांना घेऊन आला. वाटेतच त्याने त्यांना सगळं सांगितलं होतं, स्वतःच्या दुकानाचं नाव घेऊन. डॉक्टरांनी दूध मागवलं. पाजायचं, उलटी व्हायची, पुन्हा पाजायचं. मी पोराच्या छातीवरचा हात काढला नाही. श्वास लागायचा, थांबल्यासारखा वाटायचा, पुन्हा लागायचा.

दिवेलागणीला विष्णुपंत पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले, "यातून सुटला. आता तापाचं तेवढं राहिलं."

बाहेर माणसं जमली होती. महंमद पायरीवर मान खाली घालून बसला होता. शेजारचे लालासाहेब त्याच्यासमोर उभे होते. "काय रे, पोराला काय पाजलंस?"



सासूबाई भिंतीला धरून ओसरीपर्यंत आल्या. "पाणी मी आणलं, लालासाहेब. मी पाजलं. त्याला काय विचारता? मला विचारा."