गावाच्या वाट्याची जागा

आमच्या घरात ‘वशिला’ हा शब्द शिवीसारखा उच्चारतात. सासऱ्यांचे आजोबा संस्थानाच्या कचेरीत होते आणि त्यांनी म्हणे सख्ख्या भावाचा अर्जसुद्धा सगळ्यांच्या अर्जांखालीच ठेवला. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्या घरात सून म्हणून आल्यापासून ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली, की पुढे मीही ती तोऱ्यात सांगू लागले.

मी शहराबाहेर, सावली तालुक्यात एका गावातल्या सरकारी शाळेत शिकवते. पाचवीतली मुलं एक परीक्षा देतात. निवड झाली की सरकारी निवासी शाळेत सहावीपासून बारावीपर्यंत शिकणं, राहणं, जेवणखाण सगळं फुकट. तिथल्या बऱ्याचशा जागा खेड्यांतल्या मुलांसाठी राखलेल्या असतात. अट एवढीच, की तिसरी, चौथी, पाचवी गावच्या शाळेत झालेली हवी. त्यामुळे दरवर्षी शहरातून कोणीतरी यायचंच: नाव फक्त पटावर ठेवा, मुलगा बडोद्यातच शिकेल. अलकापुरीतल्या एका गृहस्थांना तर मी व्हरांड्यातच असं झापलं, की बिचारे पाणीही न पिता गेले.

मग माझी मुलगी तिसरीत गेली आणि मी तिला माझ्याच शाळेत घातलं. नुसतं पटावर नाही. तीन वर्षं रोज स्कूटरवर मागे बसवून नेलं. एका दिवसाचीही खोटी हजेरी लावली नाही, याचा मला केवढा अभिमान होता. नवरा म्हणाला, “नियमात बसतंय ना? मग झालं तर.” बसत होतंच. आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या तेवढंच बघायची सवय.

त्याच वर्गात गावातली एक मुलगी होती. आई तंबाखूच्या शेतात मजुरीला जायची, वडील कारखान्यात रोजंदारीवर. इतकी वर्षं शिकवते आहे, पण एवढं लख्ख डोकं मी दुसरं पाहिलं नाही. आकृत्यांची कोडी माझ्या मुलीला तिनेच शिकवली, फरशीवर खडूने काढून. मी कौतुकाने बघत बसायचे. दोघींचीही निवड होईल असं मला वाटायचं, किंवा तसं वाटून घेणं सोयीचं होतं. घरी मात्र मी मुलीला रोज संध्याकाळी घड्याळ लावून सराव पेपर सोडवायला बसवायचे. ते पेपर मी शाळेत एकदाही नेले नाहीत. का नेले नाहीत, याचं बरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

निकाल लागला. निवड यादीत माझी मुलगी. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव त्या मुलीचं.

दुसऱ्या दिवशी तिची आई कामावरून तशीच शाळेत आली. “बेन, कोई ना जाय तो मारी दीकरीनो वारो आवे ने?”

“आवे,” मी म्हटलं. कोणी एकीने जागा सोडली असती तर तिचा नंबर लागणार होता, आणि ती एक माझ्या घरात होती. तिला बडोद्यात कुठल्याही चांगल्या शाळेत घालता आलं असतं. घरी मी विषय काढला. “आपल्या पोरीने तीन वर्षं मेहनत केली, ती काय फुकट?” नवरा म्हणाला. त्याला दोष देत नाही. मला तेच ऐकायचं होतं.

शेवटच्या तारखेला आम्ही ट्रंक घेऊन मुलीला सोडून आलो. येताना मी सगळा रस्ता रडले. मुलगी दुरावली म्हणून, असं नवऱ्याला वाटलं. ते अर्धं खरं होतं.

शाळा सुरू झाल्यावर ती मुलगी एका मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. तिने परीक्षेचा पेपर जपून ठेवला होता. तो पुढे करून म्हणाली, “बेन, मारी भूल क्यां थई?”

तुझी चूक नव्हती, तुझ्या वाट्याची जागा मी घेतली, असं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी पेपर चाळला आणि शेकडेवारीच्या एका गणितावर बोट ठेवलं. तिने शहाण्यासारखी मान हलवली. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

आठवड्याने ती वही घेऊन आली. त्याच पद्धतीची गणितं, पानामागून पान, सगळी बरोबर.

“हवे भूल नहीं पडे, बेन. फरी परीक्षा क्यारे छे?”

ही परीक्षा पुन्हा कधीच नसते, एकदाच देता येते. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही, आणि दर सोमवारी ती नवी गणितं सोडवून आणते.