आई नसलेली टेस्ट फाईल

भूतबित मी मानत नाही. चौथी शिकले, उमर मेंढरांमागं गेली. मसणवट्याशेजारी मुक्काम केलेत, कधी काही दिसलं नाही. त्यामुळं हे सांगताना माझा मलाच राग येतोय...

आम्ही कवठे येमाईचे. सून घरात बसून शिक्रापूरच्या एका कंपनीचं काम करते – मोबाईलवरून विहिरीतली मोटार चालू-बंद करायचं ॲप. जावास्क्रिप्टमध्ये लिहितात म्हणे. त्यात प्रत्येक कामाची एक फाईल, आणि ते काम नीट होतं का हे तपासणारी दुसरी. तिला टेस्ट म्हणतात. साऱ्या टेस्ट एकाच फोल्डरात कोंबलेल्या. ज्या फाईलीची टेस्ट तिच्या शेजारी नेऊन ठेवायची, हे काम सुनेकडं आलं.

"म्हंजी कोंडलेली कोकरं सोडून आपापल्या आईला लावायची," मी म्हणाले.

"व्हय आत्या. फकस्त ही ओरडत न्हाईत." आमच्यात सासूला आत्या म्हणतात.

शेवटी एक टेस्ट उरली. तिची फाईलच नव्हती. सुनेनं वाचून सांगितलं – विहिरीत माणूस असताना, गेलेली लाईट आली तरी मोटार आपोआप सुरू होता कामा नये. लिहिणाऱ्याच्या नावाची जागा मोकळी. तिनं ती पुसली. दुसऱ्या दिवशी परत तिथंच. परत पुसली, परत आली.

"आई न्हाई म्हणून कोकरू टाकत न्हाईत गं. दुसरीला लाव."

"आत्या, मेंढरं हायती का ही!"

पण वैतागून तिनं ती मोटार सुरू करायच्या फाईलीशेजारी ठेवली आणि चालवली. लाल अक्षरं आली. नापास – म्हणजे विहिरीत माणूस असला तरी लाईट आली की मोटार सुरू होणार.

सुनेचं तोंड उतरलं. दुपारची लाईट गेलेली. आमच्या विहिरीवर तेच ॲप, आणि माझा पोरगा मोटारीच्या जाळीतलं शेवाळ काढायला खाली उतरलेला. लाईट नसली की आमच्याकडं मेन स्विच कोण बंद करतं?

ती त्याला फोन लावत राहिली. मी पळाले.

"बाळ्या, वर ये!"

"का? आभाळ पडलं का काय?"

"वर ये मुडद्या!"

शिव्या देत तो चढला. काठावर पाय टेकला न् टेकला, तोच लाईट आली. खाली मोटार आपोआप घुरघुरली, पाणी उसळलं.

कंपनीत सुनेनं सगळ्यांना विचारलं. तसली टेस्ट कुणीच लिहिली नाही म्हणतात. मग तिनं ती परत नीट वाचली. त्यात विहिरीतली माणसं मोजलेली होती – दोन.

पोराला विचारलं, "खाली तुझ्यासंगं कोण व्हतं रं?"

तो जेवता जेवता उठून गेला. तेव्हापासून विहिरीत उतरत नाही.