एकमताने मंजूर

प्रबंधाचा विषय ठरत नव्हता तेव्हा माझ्या पायाला भिंगरी होती. लॅपटॉप उघडायचा, मिटायचा, चहा टाकायचा, घडी केलेले कपडे पुन्हा घडी करायचे. घर लख्ख झालं, प्रबंधाचं पान मात्र कोरंच. पुण्यातल्या एका कंपनीनं मला नोकरी देऊ केली होती, पण एमबीएचा प्रबंध मंजूर झाला तरच. आणि हे मी घरी सांगितलंच नव्हतं.

आमचं गाव त्र्यंबकच्या वाटेवर. गावातले शेतकरी गट करून फुलं आणि भाजीपाला एकत्रच नाशिकला पाठवतात. माझे वडील, म्हणजे आप्पा, गटाचे अध्यक्ष. मी शिकून आले की गटाचं ऑफिस सांभाळणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

कॉलेजातले सर माझा प्रत्येक विषय ऐकून म्हणायचे, "अजून अरुंद कर." अरुंद करता करता विषयात माझाच श्वास कोंडायला लागला. शेवटी तेच वैतागले. "अगं, घरात गट आहे ना? तिथे निर्णय कसे होतात ते बघ." काखेत कळसा नि गावाला वळसा! मी त्याच दुपारी प्रश्नावली लिहायला बसले. गटात निर्णय कोण घेतं, तुमचं मत विचारतात का, निर्णय पटला नाही तर काय करता. तिच्या प्रती काढल्या आणि सदस्यांना वाटायला आप्पांकडे दिल्या. माझी चूक झाली ती इथेच.

प्रश्नावल्या भरून आल्या. अक्षर प्रत्येकाचं वेगळं, उत्तरं सगळ्यांची एकच. पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत एकाचीही खूण इकडची तिकडे नाही.

"आप्पा, हे काय?"

"बैठक लावली," आप्पा खुशीत म्हणाले. "एकेक प्रश्न मोठ्यानं वाचला, चर्चा केली, मग सगळ्यांनी एकमतानं भरलं. तुझ्या कामाला गालबोट नको."

हसावं की रडावं कळेना. सरांनी तो गठ्ठा चाळला आणि म्हणाले, "हे संशोधन नाही, ठराव आहे. एकेकाला एकटं गाठ."

मुदत जवळ आलेली. मी स्कूटी काढली आणि वावरं पालथी घातली. जाईन तिथे एकच पालुपद, "ते तर बैठकीत ठरलं ना?" माझं डोकं फिरायची वेळ आली. शेवंती तोडणाऱ्या एका काकूंपाशी मी कागद पिशवीत कोंबला आणि सरळ विचारलं, "काकू, बैठकीत ठरलेलं पण तुम्हाला नको होतं, असं कधी झालं?"

काकूंनी आधी मागे पाहिलं. "मागच्या खेपेला. मला टोमॅटो लावायचा व्हता. सगळ्यांनी झेंडू धरला."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळ्यांचं ठरल्यावर आपलं कशाला मधी? मोडता घालणारी म्हणत्यात."

त्यानंतर हाच प्रश्न घेऊन फिरले. जो तो आधी मागे बघायचा, मग लय बोलायचा. प्रबंध आता माझ्यामागे धावत होता. एकमताच्या आत किती जण मूग गिळून बसलेत, तेच मी लिहिलं. सरांनी पहिल्यांदाच "अरुंद कर" म्हटलं नाही. प्रबंध मंजूर झाला.

आप्पांनी कौतुकानं मला गटाच्या बैठकीत बोलावलं. देवळाच्या सभामंडपात मी माझे निष्कर्ष सांगितले, कुणाचंही नाव न घेता. सगळ्यांनी माना डोलावल्या. "खरं हाय," म्हणाले. आप्पाही डोलले.

मग घसा खाकरून त्यांनी पुढचा विषय घेतला. "पोरगी शिकली. गटाचं ऑफिस आता तिच्याकडं. हरकत नाय ना कोणाची?" विचारता विचारता ते उठायलाही लागले होते. माझी वावरं पालथी घालण्याची सगळी मेहनत त्या एका वाक्यात वाहून गेली. मला भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

मी हात वर केला.

"काय गं, चहा सांगायचा का?"

"नाही आप्पा. माझी हरकत आहे. मला पुण्यात नोकरी लागलीय. मला जायचंय."

आप्पा परत खाली बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती. पण त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"आन् हे मला बैठकीत कळतंय? घरी का नाय बोललीस?"

काकू समोरच बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

"सगळ्यांचं ठरलं होतं, आप्पा," मी म्हणाले. "आपलं कशाला मध्ये, असं वाटलं."