साहेबांच्या सीटवर बोंबलांची पाटी

मासवणच्या रस्त्यावर एकदा माझी नोकरी जाता जाता राहिली. साठच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा पाणी-पाहणीच्या सरकारी जीपवर नवा ड्रायव्हर होतो, मुक्काम बोईसरला भाड्याच्या खोलीत.

साहेबही तिथेच एकटे राहायचे. जीपमध्ये परक्या माणसाला घेतलं तर घरी पाठवीन, अशी पहिल्याच दिवशी ताकीद दिली त्यांनी. त्यानंतर आठ महिने फक्त "चल" आणि "थांब"... ते मागे, मी पुढे. गाव लांब, इथे ओळखीचं कुणी नाही. कधी कधी तर मी जीपशीच बोलायचो, हसू नका!

त्या दिवशी साहेब पालघरच्या कचेरीत मीटिंगला होते आणि मला मोजमापाचं सामान मासवणच्या कॅम्पवर पोचवायचं होतं. थंडीचे दिवस, भात कापून झालेला, खाचरांत वाल हिरवागार, मधूनच ताडांची रांग. इतकं देखणं सगळं आणि शेजारी दाखवायला माणूस नाही... मला त्याचाच राग यायचा.

वाटेत समुद्राकाठच्या दांडी गावची एक म्हातारी कोळीण भेटली. डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी, आतल्या पाड्यांवर देऊन बदल्यात भात आणायला निघालेली. "नदीपरत सोडशील का रं बाबा? पाय चालत नाय आता."

घेतलं. दया वगैरे काही नाही, कुणीतरी शेजारी बसून बोलावं एवढाच माझा स्वार्थ. पाटी ठेवली मागे, साहेबांच्या सीटवर. मावशी वाटभर बोलत होती... होडी, जावई, गुडघे. "आमची सून लय गुनाची हाय, पन बोलाय लागली का थांबतच नाय," हेही तिनंच सांगितलं. ती उतरली आणि जीप एकदम रिकामी वाटली.

मग नाकाला कळलं. सीट नदीच्या पाण्यानं धुतली, कडुनिंबाचा पाला चोळला... वास काही जाईना. संध्याकाळी साहेब दुसऱ्या अधिकाऱ्याच्या गाडीनं परतले म्हणून त्या दिवसापुरता वाचलो.

दुसऱ्या सकाळी ते जीपमध्ये बसले आणि एक लांब श्वास घेतला. आरशात पाहिलं तर डोळे मिटलेले. मासवणपर्यंत तसेच. नोकरी गेली हे आईला कसं कळवायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

सूर्या नदीच्या उंच दरडीवर त्यांनी थांबायला सांगितलं. खाली खोल पाणी, पलीकडे डोंगर. पाठमोरेच उभे राहून म्हणाले, "काल कुणाला घेतलं होतंस?" मी सगळं सांगून टाकलं.

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मी वेंगुर्ल्याचा. इथला घरमालक मासळी आणू देत नाही. वर्ष झालं रे, हा वास नाही घेतला..." थोड्या वेळानं म्हणाले, "तुला एखादा दिला नाही का तिनं?"

परतताना ते मागे बसलेच नाहीत. पुढे, माझ्या शेजारी आले आणि विचारलं, "तू कुठला?"

आठ महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. "म्हसवडकडचा," एवढं म्हणालो आणि समोरचा रस्ताच दिसेना... जीप कडेला घ्यावी लागली. साहेब काही बोलले नाहीत, घाईही केली नाही. त्या पाच मिनिटांसाठी आजही मनातल्या मनात त्यांना नमस्कार करतो.