दादाचे मासे मरोद्याला गेले तेव्हा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दुर्गच्या शाळेत सहावीची हजेरी घेत होते. "मीनाबाई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. दादा, माझा थोरला भाऊ, सकाळी चहा पिऊन खुर्चीत बसला तो उठलाच नाही. त्याला आता दीड महिना झाला. लोक म्हणतात, कुणाला त्रास न देता गेला. खरंच आहे. त्याने जन्मभर कुणाला त्रास दिला नाही, आणि मी मात्र त्याला दिला... तेच मनातून जात नाही.

दादाची सारी नोकरी स्टील प्लांटमध्ये गेली. शिफ्ट संपवून सेक्टर दहाच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये आला की बूट काढायच्या आधी तो माशांच्या टाकीसमोर उभा राहायचा. एंजल, गुरामी, सगळ्यांची खुशाली झाली की मग आमची. गावाकडचे काका आले की टाकीत डोकावून विचारायचे, "एवढे पोसून राहिला, खाशीन कधी?" दादा हसायचा आणि काकांना टाकीपासून जरा लांब बसवायचा.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडायचं होतं. जवळच्याच मरोदा वस्तीत स्वतःचं घर बांधून झालं होतं, तिथे मोठी नवी टाकीही आली होती. सामान हलवायच्या दिवशी मी मदतीला गेले. दादाने मासे झाकणाच्या बादल्यांत काढून सावलीत ठेवले, जुनं पाणी डब्यांत भरलं. वहिनीला घेऊन ट्रकच्या पहिल्या फेरीला निघताना मला म्हणाला, "मीने, बाकी सारं आवर. फिल्टरच्या स्पंजले हात नको लावू."

मी विसरले असं नाही. मला वाटलं, पुरुषांना सफाईतलं काय कळतं! स्पंज काळा, बुळबुळीत झाला होता. नव्या घरात असली घाण न्यायची? नळाखाली धरून, पिळून पिळून मी तो पिवळाधमक केला आणि शाबासकीची वाट पाहत बसले. दादा परत आला. त्याने स्पंज हातात घेतला, दाबून पाहिला आणि "बरं," म्हणाला.

मरोद्याला त्याने बाकी सगळं रीतसर केलं. मासे पिशव्यांत घालून नव्या टाकीत तरंगत ठेवले. थोड्या थोड्या वेळाने नव्या टाकीतलं वाटीभर पाणी पिशवीत ओतत तो दीड तास स्टुलावर बसून होता. मासे झोकात पोहायला लागले. पण तिसऱ्या दिवसापासून ते वर येऊन तोंड उघडायला लागले, आणि आठवड्यात बहुतेक सगळे गेले. दादाने त्यांना अंगणातल्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाखाली पुरलं. फोनवर मी कारण विचारलं तेव्हा तो इतकंच म्हणाला, "त्या मळातच सारं होतं, मीने. त्याच्यानंच पाणी चांगलं राह्यते." चूक माझी होती, म्हणूनच मी चिडले. म्हटलं, "मासेच तर होते, दादा. माणसं नाही मेली." तो म्हणाला, "हो बाई, मासेच होते."

नंतर कित्येक महिने मी शाळेचं निमित्त सांगून मरोद्याला जायचं टाळलं. फोन तोच करायचा, तब्येत विचारायचा. माफी मागायला मला दोन शब्द पुरले असते.

परवा वहिनीने बोलावलं. "मले पाहवत नाही. तुमीच घेऊन जा हे मासे." नंतर आणलेले चार गुरामी होते. मी तसाच मळका स्पंज जुन्या पाण्याच्या डब्यात ठेवला. वहिनी बघत होती. म्हणाली, "बरोबर करून राहिल्या. यायनं तर घर बदलताना सोताच्या हातानं धुतला होता स्पंज. मीच विचारलं, तर मले म्हणे, माझ्याच हातानं झालं. महिनाभर बोलली मी त्यायले. रिटायर झाले तर अक्कलबी रिटायर झाली काय म्हणून. खाली मान घालून ऐकत होते बिचारे... लय बोलली मी."

ती डोळे पुसत होती. माझ्या हातात डबा होता. मी झाकण लावलं आणि रिक्षात बसले.

नागपूरहून येणाऱ्या पेपरातली ही पुरवणी, जिच्यासाठी मी हे लिहितेय, वहिनी आधी वाचते, बातम्या नंतर. वहिनी, तो स्पंज मी धुतला होता.